मानसिक आजार असलेल्या ज्येष्ठांचे केस मॅनेजमेंट : नव्याने जबाबदारी घेणाऱ्या परिचारिकांसाठी मार्गदर्शक

इस्पितळातून घरी गेलेल्या वृद्ध मनोरुग्णाचे पुढे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल अशी एक ठरावीक व्यक्ती असावी, यासाठी केस मॅनेजमेंट असते. मानसोपचारतज्ज्ञ महिन्या-दोन महिन्यांतून एकदा रुग्णाला पाहतात, मधुमेहाचे डॉक्टर वेगळे असतात, मोतीबिंदूसाठी तिसऱ्याच ओपीडीचा केसपेपर असतो आणि घरी सून किंवा शेजारीण त्या सगळ्या चिठ्ठ्यांचा मेळ घालत बसते. हा मेळ घालणे परिचारिकेचे काम आहे, कारण औषध, शरीर, मन आणि घर या चारही गोष्टींकडे एकाच वेळी पाहण्याचे शिक्षण या सर्वांत तिलाच मिळालेले असते.

गोव्यात या कामाची निकड अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर गोव्यात ते ११.२ टक्के होते. मुलगा गल्फमध्ये किंवा जहाजावर, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात आणि जुन्या मोठ्या घरात आई एकटी, अशी घरे बार्देश-साष्टीत जागोजागी आहेत. पेडणे, डिचोली, सत्तरीकडे कुटुंब एकत्र असले तरी कमावती माणसे सकाळी पणजी किंवा वेर्ण्याला जातात ती रात्री परततात आणि मधले दहा-बारा तास वृद्ध माणूस एकटाच असतो. आजार बळावतो तो बहुधा या मधल्या तासांत, आणि डॉक्टरांपर्यंत त्याची बातमी सर्वांत उशिरा पोहोचते.

हे काम कसे करावे याचा अनुभव गोव्याला आहे. संगथ या संस्थेच्या मानस प्रकल्पात गोव्यातील प्राथमिक उपचार केंद्रांमध्ये प्रशिक्षित समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना टप्प्याटप्प्याने उपचार दिले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि सरकारी केंद्रांतील रुग्णांत त्याचा लाभ दिसला. त्याआधी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी जाऊन मार्गदर्शन केल्याने काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाल्याचे आढळले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या १८१ ज्येष्ठांचा समावेश होता. ज्यांना अडचणी सोडवण्याची पद्धत, झोपेची शिस्त, मधुमेहासारख्या आजारांत स्वतःची काळजी आणि सरकारी योजना मिळवण्यासाठी मदत असे सगळे एकत्र मिळाले, त्यांच्यात वर्षभरात पूर्ण नैराश्य कमी प्रमाणात उद्भवले. या तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष काम करणारे लोक तज्ज्ञ नव्हते, मात्र त्यांच्याकडे ठरलेली पद्धत होती आणि त्यांच्या कामावर कोणाची तरी नियमित देखरेख होती. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात आपल्या वरिष्ठांकडून एक गोष्ट लेखी ठरवून घ्या : अवघड केसबद्दल तुम्ही कोणत्या मानसोपचारतज्ज्ञांशी आणि आठवड्याच्या कोणत्या दिवशी बोलणार.

पहिल्या भेटीआधी

रुग्णाला भेटण्याआधी त्याचे कागद भेटले पाहिजेत. बांबोळीच्या मनोरुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, गोमेकॉचे (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे) केसपेपर, म्हापशाच्या आझिलो किंवा मडगावच्या हॉस्पिसियो या सरकारी इस्पितळांतील नोंदी, गावच्या आरोग्य केंद्रातील रक्तदाब-साखरेचे कार्ड आणि खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, यांतून एकच पान तयार करा. त्यावर आजाराचे निदान आणि ते केव्हा झाले, आतापर्यंत किती वेळा भरती व्हावे लागले आणि प्रत्येक वेळी सुरुवात कशाने झाली, कोणते औषध सोसले नाही, आजची औषधे आणि त्यांचे डोस, इतर शारीरिक आजार, शेवटच्या रक्ततपासण्यांच्या तारखा आणि संपर्काची दोन माणसे, एवढे असावे. हे पान पुढे प्रत्येक डॉक्टरांसमोर ठेवायचे आहे, म्हणून ते स्वच्छ अक्षरात असावे आणि औषध बदलले की त्याच दिवशी सुधारावे. जुन्या रुग्णांच्या बाबतीत निदानही तपासून घ्यावे लागते. चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेला शब्द पानापानावर उतरत आलेला असतो आणि आज तो लागू आहे की नाही, हे कोणी पाहिलेले नसते.

भेटीची वेळ कळवून जा. शक्य असल्यास आरोग्य केंद्रातील ओळखीच्या कर्मचाऱ्याबरोबर जा, मात्र गावात गाडी उभी करून मनोरुग्णालयातून आल्याचे मोठ्याने सांगू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि वाड्यावरच्या चौकस शेजाऱ्यांच्या बाबतीतही तो लागू आहे.

पहिली भेट

पहिल्या भेटीत फॉर्म काढण्याची घाई करू नका. आधी बसा, पाणी घ्या, चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ आहे का ते पाहा. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला प्रश्न विचारून मिळालेले चुकीचे उत्तर अनेकदा विस्मरण म्हणून नोंदले जाते. घरात कोकणी बोलत असतील तर कोकणीतच सुरुवात करा. "जीव कसो आसा?" या साध्या प्रश्नाला मिळणारे उत्तर पुढच्या बऱ्याच प्रश्नांची दिशा ठरवते. आमच्याकडची म्हातारी माणसे मन उदास आहे असे क्वचित सांगतात. अंग दुखते, पोटात जळते, पायांत बळ नाही, रात्रभर डोळा लागत नाही, अन्न गोड लागत नाही, असे ती सांगतात. या तक्रारी शारीरिक आजाराच्याही असू शकतात आणि नैराश्याच्याही, त्यामुळे दोन्ही बाजू तपासल्याशिवाय एकीवरही शिक्का मारू नये.

कुटुंबीयांशी बोलण्याआधी निदान पंधरा मिनिटे रुग्णाशी एकांतात बोला. मारहाण, उपासमार, पेन्शनचे पैसे काढून घेणे किंवा कागदावर सही करण्याचा दबाव या गोष्टी मुलासमोर कोणी सांगत नाही. नंतर कुटुंबीयांचेही वेगळे ऐकून घ्या, कारण रात्री काय घडते हे त्यांनाच माहीत असते.

घर पाहणे हा तपासणीचाच भाग आहे. परवानगी घेऊन स्वयंपाकघर, न्हाणी आणि झोपण्याची जागा पाहा. उंच उंबरठे, अंधारी खोली, घराबाहेरची न्हाणी, पावसात शेवाळ धरणाऱ्या चिऱ्यांच्या पायऱ्या, या प्रत्येक ठिकाणी झोपेची गोळी घेणारा माणूस रात्री पडू शकतो. काल रात्री काय जेवलात, असे विचारण्यापेक्षा भांडे दाखवायला सांगा. दोन वेळा नुसत्या पेजेवर राहणारी एकटी बाई विचारल्यावर जेवण व्यवस्थित असल्याचेच सांगते.

रोजच्या कामांची क्षमता मोजण्यासाठी आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, उठणे-बसणे, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतः जेवणे या सहा गोष्टी पाहाव्यात. त्यांच्या जोडीला औषधे स्वतः घेणे, पैशांचा व्यवहार, फोन लावणे आणि बसने एकट्याने जाणे याही नोंदवाव्यात. नैराश्यासाठी पंधरा प्रश्नांची ज्येष्ठांसाठीची नैराश्य मोजपट्टी सोयीची आहे. तिच्यावर पाच किंवा त्याहून अधिक गुण आले तर सविस्तर तपासणीसाठी पाठवावे, पण त्या गुणांना निदान म्हणू नये. स्मरणशक्तीची चाचणी घेताना शिक्षण लक्षात घ्या. शाळेत न गेलेल्या आजीला घड्याळाचे चित्र काढायला सांगून तिचे गुण कापणे अन्यायाचे आहे. निरक्षर ज्येष्ठांचा विचार करून तयार केलेली हिंदी मानसिक स्थिती परीक्षा किंवा तिचे स्थानिक भाषेतील रूप वापरावे.

अचानक बदल म्हणजे आधी शरीर

नव्या परिचारिकेने या लेखातील एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर तो हा. वृद्ध माणसाचे वागणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत बदलले, तर जुना मानसिक आजार उसळला असे गृहीत धरू नका. आधी डिलिरिअम, म्हणजे शरीरातील बिघाडामुळे आलेली भ्रमावस्था, आहे का ते तपासा. त्यासाठी चार गोष्टी पाहायच्या असतात : बदल अचानक झाला आहे का आणि तो दिवसभरात कमी-जास्त होतो का, लक्ष एका जागी राहते का, बोलणे विस्कळीत झाले आहे का, आणि शुद्धीची पातळी बदलली आहे का, म्हणजे माणूस अति उत्तेजित किंवा गुंगीत आहे का. पहिल्या दोन गोष्टी असतील आणि शेवटच्या दोहोंपैकी एक असेल तर डिलिरिअम समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. लक्ष तपासण्यासाठी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगणे पुरते.

कारणे बहुधा साधी असतात आणि म्हणूनच निसटतात. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, अनेक दिवसांचा मलावरोध, उन्हाळ्यातील निर्जलीकरण, रक्तातील सोडिअम किंवा साखर कमी होणे, नुकतेच सुरू झालेले किंवा अचानक बंद झालेले औषध, ही यादी तोंडपाठ असावी. नाडी, ताप, रक्तदाब, श्वसन, ऑक्सिजन आणि साखर मोजल्याशिवाय मनोरुग्णालयाला फोन करू नये, कारण तिकडून पहिला प्रश्न याच आकड्यांचा येईल आणि तो यायलाच हवा. डिलिरिअमचा शांत प्रकार अधिक फसवा असतो. कालपर्यंत आरडाओरडा करणारे आजोबा आज गप्प पडून आहेत म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि प्रत्यक्षात ते गंभीर आजारी असतात.

दारूचा प्रश्न येथेच विचारून घ्या, पुरुषांना आणि स्त्रियांनाही. रोज फेणी घेणाऱ्या माणसाचे हाड मोडून तो भरती झाला की दारू आपोआप बंद होते. पहिल्या दिवसभरात हात कापू लागतात, झोप उडते, आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम, ताप व भास यांसह जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. वॉर्डमधील लोकांना दारूचा इतिहास माहीत असेल तर वेळेवर उपचार आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिले जाते. तो माहीत नसेल तर म्हातारपणाचे वेड समजून हातपाय बांधले जातात.

दीर्घकालीन विस्मरणाच्या बाबतीतही शरीराची तपासणी सुटता कामा नये. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, साखर, मूत्रपिंडाचे कार्य, डोळे आणि कान पाहून झाल्यावरच पुढचा विचार करावा. नैराश्यामुळे माणूस विसराळू दिसतो आणि ते उतरले की त्याची स्मृती बरीच सुधारते, म्हणून स्मृतिभ्रंशाची शंका आली की नैराश्याबद्दल हटकून विचारा.

औषधे : पिशवी उलटी करा

घरातील सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणायला सांगा आणि त्या टेबलावर मांडा. सरकारी फार्मसीतील गोळ्या, खासगी डॉक्टरांनी दिलेल्या त्याच औषधाच्या दुसऱ्या नावाच्या गोळ्या, मुलाने परदेशातून आणलेल्या बाटल्या, झाडपाल्याचा काढा आणि गुडघ्यांसाठी थेट दुकानातून घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, हे सगळे त्या ढिगात सापडते. कंपनी बदलल्यामुळे गोळीचा रंग बदलला म्हणून औषध सोडून देणारे रुग्णही अनेक आहेत. रंगावर न जाता नाव वाचून दाखवा आणि वेळेनुसार कप्पे असलेला डबा भरून द्या.

यातील धोका नीट समजावा म्हणून एक कल्पित केस घेऊ. डिचोली तालुक्यातील बहात्तर वर्षांच्या एक काकी तीस वर्षे द्विध्रुवीय आजारासाठी (मन कधी अति उत्तेजित, कधी अति उदास होण्याचा आजार) लिथिअम हे औषध घेत आहेत आणि त्यावर त्यांचे उत्तम चालले आहे. मार्चमध्ये आरोग्य केंद्रात रक्तदाब वाढलेला आढळतो आणि लघवी वाढवणारा घटक असलेली गोळी सुरू होते, जोडीला मीठ बंद करण्याचा सल्ला मिळतो. एप्रिलमध्ये गुडघे दुखतात म्हणून त्या दुकानातून डायक्लोफिनॅक घेतात. मे महिन्याच्या घामात पाणी कमी पडते. यातील प्रत्येक गोष्ट रक्तातील लिथिअमची पातळी वाढवते आणि वयामुळे मूत्रपिंडे आधीच सावकाश काम करत असतात. काकींचे हात ठळकपणे थरथरू लागतात, चाल डगमगते, जीभ जड होते, उलट्या-जुलाब सुरू होतात. घरच्यांना वाटते वय झाले आणि पोट बिघडले. ही लिथिअमची विषबाधा आहे आणि ती जीव घेऊ शकते.

या साखळीत कोणीही बेपर्वाईने वागलेले नाही, फक्त तिन्ही टोके पाहणारे कोणी नव्हते. केस मॅनेजरने काय करायचे ते यावरून स्पष्ट होते. लिथिअमवरच्या प्रत्येक रुग्णाच्या आरोग्य केंद्रातील कार्डावर "लिथिअम चालू" असे मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्यावे आणि दुसरी कोणतीही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये, हे घरच्यांना सांगावे. मीठ एकदम तोडू नये. उपवासाच्या दिवशी, उन्हाळ्यात आणि जुलाब झाल्यास पाण्याकडे लक्ष द्यावे. रक्तातील पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी तपासायची असल्याने, रात्री गोळी घेऊन सकाळी ती न घेताच प्रयोगशाळेत जावे. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी साधारण सहा महिन्यांनी व्हावी. वर सांगितलेली लक्षणे दिसली तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोलावे आणि त्याच दिवशी पातळी तपासावी.

इतर औषधांबद्दल थोडक्यात. नैराश्यावरील एसिटालोप्राम, सर्ट्रालिन या गटातील गोळ्यांनी वृद्धांत सोडिअम उतरू शकते, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत आणि लघवीची गोळी चालू असल्यास. त्यामुळे नवी सुस्ती किंवा तोल जाणे दिसले तर सोडिअम तपासायला सांगा. थरथरीसाठी दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिल ही गोळी वृद्धांत गोंधळ, मलावरोध आणि लघवी तुंबणे घडवते. ती वर्षानुवर्षे कोणी न पाहता चालू असेल तर तिची गरज अजून आहे का, हा प्रश्न प्रत्येक ओपीडीत विचारावा. क्लोझापिन या भास-संशयावरील औषधावर असलेल्या रुग्णाला ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, आणि त्याचे पोट रोज साफ होते का हे विचारणे परिचारिकेचे काम आहे, कारण या औषधाचा मलावरोध प्राणघातक ठरू शकतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत भास-संशयावरील औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, अशी ठळक सूचना अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिली होती. म्हणून अशी गोळी सुरू झाली तर ती कशासाठी दिली आणि पुन्हा केव्हा तपासायची, हे दोन्ही लिहून घ्या. झोपेच्या गोळ्या अनेक वर्षे घेतलेल्या असतील तर त्या घातक आहेत म्हणून एका दिवसात बंद करू नका. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सावकाश उतरवाव्या लागतात.

प्रत्येक भेटीत रक्तदाब झोपलेल्या स्थितीत आणि मग उभे राहिल्यावर एका व तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर पडण्याचा धोका आहे आणि ते डॉक्टरांना कळवायला हवे. वजन आणि पोटाचा घेरही नोंदवा.

आराखडा

आराखड्यात एका वेळी तीनपेक्षा अधिक उद्दिष्टे ठेवू नयेत आणि पहिले उद्दिष्ट रुग्णाच्या तोंडचे असावे. "औषधाचे पालन सुधारणे" हे तुमचे उद्दिष्ट झाले. काकींचे उद्दिष्ट चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना उभे राहण्याइतके बळ यावे, हे असू शकते. दोन्ही जोडता येतात, कारण बळ येण्यासाठी जेवण, झोप आणि गोळ्या लागतात, पण वाट त्यांच्या इच्छेवरून काढावी. प्रत्येक उद्दिष्टासमोर कोण काय करणार आणि केव्हापर्यंत, हे लिहा.

आजार उसळण्याच्या सुरुवातीच्या खुणा घरच्यांच्याच शब्दांत नोंदवा. "पहाटे तीनला उठून भांडी घासते", "देवासमोर दिवा लावायचे सोडून दिले", "शेजाऱ्यांकडचे पाणी घेत नाही" अशी वाक्ये कोणत्याही वैद्यकीय शब्दापेक्षा लवकर सावध करतात. त्यांच्यापुढे दूरध्वनी कोणाला करायचा ते लिहून कागद भिंतीवर लावा. मुलगा परदेशात असेल तर त्यालाही, रुग्णाच्या संमतीने, हा कागद पाठवा. तो रोज व्हिडिओवर आईला पाहत असतो आणि बदल बहुधा सर्वांत आधी त्याच्याच लक्षात येतो.

तारखा ठरवताना प्रवासाचा विचार करा. काणकोण किंवा वाळपईहून म्हाताऱ्या माणसाला बांबोळीला आणण्यात अख्खा दिवस आणि सोबतच्या माणसाची एक दिवसाची मजुरी जाते. रक्ततपासणी, मानसोपचार आणि डोळ्यांची ओपीडी एकाच दिवशी बसवून घेणे यात कागदी काम थोडेच आहे, पण त्याने चुकणाऱ्या तारखा वाचतात. जिल्हा इस्पितळात किंवा जवळच्या केंद्रात भागत असेल तर तिथेच पाठवा. चवथीच्या सुट्ट्यांत आणि पावसाच्या जोरात औषधे संपू नयेत म्हणून साठा आधीच पाहावा, मात्र आत्महत्येचा धोका असलेल्या घरात तो एका आठवड्यापेक्षा अधिक ठेवू नये.

देवळात कौल लावणे, घाड्याकडे जाणे यावर वाद घालू नका. रुग्ण आणि कुटुंब यांना त्यातून धीर मिळत असेल तर तो मिळू द्या आणि गोळ्या चालू राहतील एवढा शब्द घ्या. बांधून ठेवणे, मारणे किंवा उपाशी ठेवणे असा उपाय कोणी सांगितला असेल तर मात्र तिथे ठाम राहावे लागते.

डिस्चार्जनंतरचा पहिला आठवडा

सर्वाधिक काळजीचा काळ हाच. २०१७ च्या कायद्याचे कलम ९८ सांगते की रुग्णाला समाजात परत पाठवताना मानसोपचारतज्ज्ञाने रुग्ण, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयांत साथ देण्यासाठी त्याने नेमलेली व्यक्ती) आणि काळजी घेणारे यांच्याशी पुढील उपचारांबाबत विचारविनिमय करावा. या चर्चेला केस मॅनेजरने हजर राहावे. निरोपावर भागवू नये. घरी पोहोचल्यावर ४८ तासांत फोन आणि सात दिवसांत प्रत्यक्ष भेट, हा नियम मोडू नका. त्या भेटीत जुन्या आणि नव्या गोळ्या एकत्र घेतल्या जात नाहीत ना, हे आधी पाहा. वॉर्डमध्ये बदललेले औषध घरच्या डब्यात जुन्याच रूपात शिल्लक असते.

जिवाला धोका

आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत खोटी आहे. आता जगून काय करायचे असे वाटते का, स्वतःला संपवण्याचा विचार येतो का, कसे करायचे ते ठरवले आहे का, या क्रमाने शांतपणे विचारा. अलीकडे जोडीदार गेला आहे, असह्य दुखणे आहे, आपण घरच्यांना ओझे आहोत असे बोलणे सुरू आहे, जमिनीचे कागद आणि दागिने वाटून दिले आहेत, या गोष्टी एकत्र दिसल्या तर थांबू नका. बागायतीवर फवारायचे औषध, गोळ्यांचा साठा आणि उघडी विहीर यांची व्यवस्था त्याच दिवशी करायला लावा, माणसाला एकटे सोडू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोलूनच घर सोडा. तातडीला १०८ आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांच्या फोनमध्ये साठवून द्या. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर तीव्र मानसिक ताण होता असे कायद्याचे कलम ११५ गृहीत धरते, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवण्याचे कारण नाही, हे कुटुंबाला स्पष्ट सांगावे.

काळजी घेणारी व्यक्ती

ती बहुधा सून, मुलगी किंवा स्वतःच सत्तरी ओलांडलेली पत्नी असते. प्रत्येक भेटीत तिच्यासाठी दहा मिनिटे वेगळी ठेवा आणि रुग्णाबद्दल नव्हे, तिच्या झोपेबद्दल, पाठदुखीबद्दल, रक्तदाबाबद्दल विचारा. आठवड्यातून एक दुपार तिला मोकळी मिळावी म्हणून नातेवाइकांत पाळी लावून द्या. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण तोच प्रश्न विसाव्यांदा विचारतो तेव्हा तो मुद्दाम करत नाही, हे तिला एकदा सांगून पुरत नाही. थकलेल्या माणसाला ते पुन्हा पुन्हा आणि दोष न देता सांगावे लागते. घरात हात उगारला जात असल्याचा संशय आला तर मात्र सहानुभूतीबरोबरच तक्रारीचा मार्गही वापरावा लागेल.

हक्क आणि योजना

नामनिर्देशित प्रतिनिधी कोण असावा आणि पुढे आजार बळावल्यास कोणते उपचार हवेत किंवा नकोत, याची आगाऊ सूचना रुग्ण बरा असताना लिहून ठेवू शकतो, ही माहिती द्या. साखळदंडाने बांधण्यास कायद्याची पूर्ण मनाई आहे. घरात कोंडून, हाल करून ठेवलेला मनोरुग्ण आढळला तर पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने दंडाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला इस्पितळात ठेवता येत नाही, असे कलम १९ म्हणते. अशा वेळी प्रोव्हेदोरिया या सरकारी साहाय्य संस्थेच्या वृद्धाश्रमासारख्या पर्यायांची चौकशी लवकर सुरू करावी, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे अर्थसाहाय्य, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आणि पात्र असल्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र यांची स्थिती पहिल्याच महिन्यात पाहा. रुग्ण दीर्घकाळ भरती राहिला तर हयातीच्या दाखल्याची मुदत टळून पैसे अडकतात. मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. मालमत्तेच्या कागदावर सही घेण्याची घाई चालू असल्याचे दिसले तर साक्षीदार होऊ नका आणि रुग्णाची तेव्हाची स्थिती तारीख-वेळेसह नोंदवून ठेवा.

नोंद, भेटींचे अंतर आणि हस्तांतर

भेटींचे अंतर सर्वांसाठी सारखे ठेवू नका. अस्थिर किंवा जिवाला धोका असलेल्या रुग्णाला आठवड्यातून निदान एकदा पाहा, नुकत्याच सावरलेल्याला पंधरा दिवसांनी आणि स्थिर असलेल्याला महिन्याने. प्रत्येक भेटीची नोंद त्याच दिवशी व्हावी आणि तिच्यात पाहिलेले, ऐकलेले आणि तुम्हाला वाटलेले अशी वेगळी वाक्ये असावीत. "रुग्ण आक्रमक" असे लिहिण्याऐवजी "आंघोळीसाठी हात धरल्यावर बादली ढकलली, गुडघ्याला सूज होती" असे लिहिले तर पुढच्या व्यक्तीला कारण शोधता येते. तीन महिन्यांनी आराखडा रुग्णासमवेत पुन्हा वाचा आणि जे जमले नाही ते का जमले नाही, याची चौकशी करून उद्दिष्ट बदला.

तुमची बदली होणारच आहे, म्हणून हस्तांतराची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा. नव्या परिचारिकेला केवळ फाइल देऊन भागत नाही, निदान अस्थिर रुग्णांच्या घरी एक भेट दोघींनी मिळून करावी आणि रुग्णाला तिचे नाव व फोन क्रमांक तुमच्या उपस्थितीत द्यावा. हस्तांतराच्या कागदावर फाइलमध्ये न मावणाऱ्या गोष्टी लिहा : दार वाजवल्यावर उघडायला पाच मिनिटे लागतात, धाकट्या मुलाचे नाव काढले की बोलणे थांबते, गोळ्या तांदळाच्या डब्यामागे ठेवतात, आणि पुढची लिथिअमची तपासणी कोणत्या तारखेला आहे.